बंद लखोटा, उघडा पत्ता



इतिहासाचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात या क्षणीही आहे, आणि तिचे वय दीडशे वर्षांच्या आतबाहेर आहे. ती वस्तू म्हणजे दूरध्वनीचा क्रमांक.

मोबाईलवरून निरोप पाठविण्याची जी साधने आज घरोघरी रुळली आहेत, त्यांविषयी एक आश्वासन आपण नेहमी ऐकतो. आपला निरोप कुलूपबंद असतो. पाठविणारा आणि घेणारा यांवाचून तो कोणालाही, खुद्द निरोप वाहणाऱ्या कंपनीलाही, वाचता येत नाही. हे आश्वासन पुष्कळ अंशी खरे आहे. परंतु कोणत्याही पत्राला दोन अंगे असतात. एक आतला मजकूर आणि दुसरे लखोट्यावरचा पत्ता. मजकूर झाकावा हे माणसाला फार पूर्वी उमगले, आणि त्यासाठी लाख, मुद्रा, सांकेतिक लिपी असे नाना उपाय त्याने योजले. पत्ता मात्र उघडाच राहिला, कारण तो वाचल्याशिवाय जासुदाने पत्र न्यावे कोठे? हा उघडा पत्ता पुढे माणसाचे नावच कसा होऊन बसला आणि त्यामुळे मजकुराच्या कुलपाची किंमत कशी उणावली, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

टपालाचा धडा

प्रथम टपालाकडे पाहू. जोसेफ मॅझिनी हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. सावरकरांनी केलेले त्याच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून ते आपल्याकडे घरचे झाले. हा मॅझिनी लंडनमध्ये आश्रयाला असताना, १८४४ साली, आपली पत्रे वाटेत कोणी उघडीत असल्याचा त्याला संशय आला. लखोट्यात बारीकसारीक वस्तू घालून त्याने पारख केली आणि संशय खरा ठरला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकमाने टपालखाते त्याची पत्रे फोडून, वाचून, पुन्हा चिकटवीत होते. पार्लमेंटमध्ये मोठे वादळ झाले, चौकशी समित्या बसल्या, आणि त्याच वर्षी कूटपत्रे उलगडणारी सरकारी शाखा बंद करण्यात आली. दुसऱ्याचे पत्र फोडणे ही नीच गोष्ट आहे, हे लोकमत त्या प्रकरणाने पक्के झाले.

पण लोकमताचा हा क्षोभ मजकुरापुरताच होता. १८७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॅक्सन नावाच्या खटल्यात जो निर्णय दिला त्यात हा भेद स्वच्छ दिसतो. मोहोरबंद पत्राला घरातील कागदपत्रांइतकेच संरक्षण आहे, न्यायालयाच्या हुकमावाचून ते उघडता येणार नाही, असे न्यायमूर्तींनी सांगितले. मात्र पत्राचे बाह्य रूप आणि वजन त्यांनी या संरक्षणातून वगळले. म्हणजे लखोटा कोणाच्या नावाचा आहे, हे पाहण्यास व टिपून ठेवण्यास वाट मोकळी राहिली. हिंदुस्थानात १८८५ चा तार कायदा आणि १८९८ चा टपाल कायदा झाला, तेव्हा येथील राज्यकर्त्यांनी तर मजकूर अडविण्याचा अधिकारही स्वतःकडे राखून ठेवला. २०२३ साली या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी नवे कायदे झाले, तरी तो अधिकार त्यांतही आहेच. बाह्य रूपाची चिंता कोणी फारशी केली नाही. टपालाच्या काळी त्यात मोठी हानीही नव्हती. लाखो लखोट्यांवरचे पत्ते हाताने उतरून काढण्याइतके कारकून कोणत्या सरकारपाशी होते?

खुंटीचा क्रमांक

ज्या १८७८ साली तो निकाल लागला, त्याच वर्षी अमेरिकेतील न्यू हेवन गावी व्यापारी तत्त्वावरचे पहिले दूरध्वनी केंद्र सुरू झाले. त्याची यादी म्हणजे एकच छापील पान होते. त्यावर पन्नास नावे होती, आणि क्रमांक एकही नव्हता. ग्राहकाने नाव सांगावे आणि केंद्रातील माणसाने तार जोडून द्यावी, असा व्यवहार होता. क्रमांकाची कल्पना पुढल्या वर्षीची. मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल गावात गोवराची साथ आली असता डॉ. मोझेस पार्कर यांच्या मनात आले की, तारा जोडणारी चार माणसे एकदम आजारी पडली तर कोणत्या नावाची तार कोठे आहे हे नव्या माणसाला कळणार कसे? म्हणून त्यांनी प्रत्येक तारेला आकडा देण्याची सूचना केली, असे सांगतात. क्रमांकाचा जन्म हा असा. तो माणसाचा नव्हताच. माणूस आजारी पडला तरी काम अडू नये म्हणून भिंतीवरच्या खुंटीला दिलेला तो आकडा होता.

पुढे स्ट्रोजर नावाच्या प्रेते पुरण्याचा धंदा करणाऱ्या गृहस्थाने १८९१ साली स्वयंचलित जोडणीच्या यंत्राचे पेटंट मिळविले. केंद्रातील बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा त्याला वहीम होता, अशी आख्यायिका आहे. मधल्या माणसाला आपला व्यवहार कळू नये ही इच्छा दूरध्वनीइतकीच जुनी आहे, एवढे तीवरून दिसते. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली दूरध्वनी केंद्रे उघडली, आणि पुढील शतकभर क्रमांक हे थोड्या घरांचे व पेढ्यांचे भूषण राहिले.

येथे एक शंका उद्भवेल. त्या काळी तर जाडजूड पुस्तक छापून सर्वांचे क्रमांक घरोघरी वाटले जात. मग आजच क्रमांकाची एवढी चिंता का? शंका रास्त आहे. परंतु त्या पुस्तकातील क्रमांक घराचा होता, घरातल्या एकेकट्या माणसाचा नव्हता. पुस्तक एका शहरापुरते होते. नावावरून क्रमांक काढणे सोपे होते, पण नुसत्या क्रमांकावरून नाव काढावयाचे तर सारे पुस्तक चाळावे लागे. घर बदलले की क्रमांक सुटे. आणि मुख्य म्हणजे तो क्रमांक कळल्याने घंटी वाजविण्यापलीकडे काही साधत नसे. ही सारी बंधने पुढे एकामागून एक गळून पडली.

नोंदवही बोलू लागते

क्रमांकांची नुसती नोंद किती बोलकी असते हे १९७९ साली न्यायालयापुढे आले. बाल्टिमोर शहरात एका स्त्रीला लुटण्यात आले, आणि नंतर लुटारू तिला दूरध्वनीवरून धमकावू लागला. पोलिसांच्या सांगण्यावरून दूरध्वनी कंपनीने संशयिताच्या तारेवर, न्यायालयाचा हुकूम नसताना, एक यंत्र बसविले. ते संभाषण ऐकत नसे. कोणते क्रमांक फिरविले एवढेच टिपीत असे. स्मिथ विरुद्ध मेरीलँड या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले की, क्रमांक आपण होऊनच कंपनीला सांगितलेला असल्यामुळे त्यात खाजगी असे काही उरत नाही. न्यायमूर्ती मार्शल यांनी विरोधी मत नोंदविले. दूरध्वनी ही जीवनाची गरज झाल्यावर तो वापरणाऱ्याने धोका स्वखुषीने पत्करला असे म्हणणे व्यर्थ आहे, असा त्यांचा मुद्दा होता. गुन्हेगार पकडला गेला हे चांगलेच झाले. पण त्या खटल्यातून जो नियम निघाला तो साऱ्या निरपराध लोकांनाही लागू झाला. २०१३ साली स्नोडेन प्रकरणात उघड झाले की, एका मोठ्या कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांनी कोणाला, केव्हा, किती वेळ दूरध्वनी केले याची नोंद अमेरिकन सरकार रोजच्या रोज घेत होते. लखोटे उतरून काढण्यास पूर्वी कारकून पुरत नसत. आता त्यांची गरजच उरली नव्हती.

घरातून खिशात

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले. भारतातील ते पहिले मोबाईल संभाषण मानले जाते. त्या दिवसापासून क्रमांक घरातून खिशात येऊ लागला. २०११ च्या जानेवारीत कंपनी बदलली तरी क्रमांक कायम ठेवण्याची सोय देशभर झाली, आणि क्रमांक जन्माचा सोबती झाला. मग बँकेने तो मागितला, गॅसच्या एजन्सीने मागितला, शाळेने मागितला, किराणा दुकानदारानेही बिलासाठी मागितला. आज एकाच दहा आकड्यांच्या आधाराने आपल्या पैशाचे कुलूप उघडते, औषधांची पावती निघते आणि मुलांच्या शाळेची सूचना येते. निरनिराळ्या दप्तरांत विखुरलेली एका माणसाची माहिती शिवून एक करण्यास याहून सोईचा दोरा नाही.

निरोपांच्या साधनांनी हाच दोरा उचलला. व्हॉट्सॲप २००९ साली निघाले. त्याच्या आधीच्या कित्येक साधनांत माणसाला नवे टोपणनाव व परवलीचा शब्द योजावा लागे. व्हॉट्सॲपने क्रमांक हेच नाव केले. त्यामुळे दोन गोष्टी साधल्या. लक्षात ठेवावयाचे काही उरले नाही. आणि मोबाईलमधील पत्त्यांची वही कंपनीच्या दप्तराशी ताडून पाहिली की, आपले कोणकोण सोयरे तेथे आधीच आले आहेत हे क्षणात कळू लागले. साधन वाऱ्यासारखे पसरले याचे एक मोठे कारण हेच होय. पण ती वही आपली असली तरी तीतील क्रमांक दुसऱ्यांचे असतात. ज्याने ते साधन कधी हातात घेतले नाही त्याचाही क्रमांक त्याच्या शेजाऱ्याच्या वहीतून तेथे पोहोचतो. शेजाऱ्याला कोणी विचारले नाही असे नाही. ज्याचा क्रमांक, त्याला मात्र कोणी विचारले नाही.

एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने सर्व निरोप कुलूपबंद केले. किल्ली दोन टोकांच्या दोन मोबाईलांत राहते आणि मधली कंपनी नुसती बंद पेटी वाहते, अशी ही रचना आहे. शंभर कोटींहून अधिक माणसांना असे कुलूप मिळावे ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच कंपनीने जाहीर केले की, ग्राहकांचे क्रमांक मालक कंपनी फेसबुकला देण्यात येतील. मजकुराला कुलूप लावून पाच महिने झाले नाहीत तोच पत्ता दुसऱ्या घरी गेला. २०१४ साली व्हॉट्सॲप विकत घेताना, दोन्हीकडील खाती खात्रीने आपोआप जुळविता येणार नाहीत, असे फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितले होते. ही माहिती दिशाभूल करणारी होती म्हणून आयोगाने मे २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडे दोन विद्यार्थ्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने काही अंशी ग्राहकांच्या बाजूने आदेश दिले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने निर्णय दिला की, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे.

पत्ता उघडा राहिल्याने काय होते

आता कोणी म्हणेल, कळला क्रमांक तर कळला, बिघडले काय? उत्तर घडलेल्या गोष्टींनीच द्यावे हे बरे. २०१६ साली संशोधकांनी उघड केले की, इराणमधील टेलिग्रामच्या सुमारे दीड कोटी ग्राहकांचे क्रमांक घुसखोरांनी ओळखून काढले होते. ज्या देशात सरकारविरुद्ध बोलणे धोक्याचे, तेथे कोणता क्रमांक त्या साधनावर आहे ही यादीच पुरेशी असते. २०१९ साली हाँगकाँगमध्ये निदर्शने करणारे तरुण टेलिग्रामच्या मोठ्या गटांत टोपणनावांनी वावरत होते. तेथील तंत्रज्ञांच्या ध्यानात आले की, ओळीने हजारो क्रमांक आपल्या वहीत भरून ताडून पाहिले तर कोणत्या टोपणनावामागे कोणता क्रमांक आहे हे कळू शकते; आणि क्रमांक कळला की सिमच्या नोंदीवरून माणूस सापडतो. कंपनीला घाईने क्रमांक लपविण्याची सोय वाढवावी लागली.

परदेशाचीच उदाहरणे कशाला? २०१७ साली एका इंग्रजी दैनिकाने उत्तर प्रदेशातील वृत्त दिले होते. रिचार्जच्या दुकानांत मुलींनी विश्वासाने सांगितलेले क्रमांक पन्नासपासून पाचशे रुपयांपर्यंतच्या भावाने विकले जात होते. घेणारे पुरुष मग त्यांना छळीत. येथे कुलूप फोडावे लागले नाही आणि मजकूर वाचावा लागला नाही. पत्ता मिळाला एवढ्यानेच दार ठोठावता आले.

आणि दुकानदाराचीही गरज उरलेली नाही. एक साधे गणित करू. भारतातील मोबाईलचा क्रमांक दहा आकड्यांचा असून तो सहा, सात, आठ किंवा नऊ यांनी सुरू होतो. म्हणजे सारे संभवनीय क्रमांक मिळून चारशे कोटींच्या पुढे जात नाहीत. माणसाला ही संख्या अफाट वाटते, यंत्राला वाटत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की, ताशी दहा कोटींहून अधिक क्रमांक व्हॉट्सॲपला विचारून त्यांनी जगभरची साडेतीनशे कोटी खाती मोजून काढली. निम्म्याहून अधिक खात्यांवरचे छायाचित्र कोणालाही पाहता येत होते. या वेगाने साऱ्या भारताचे क्रमांक तपासण्यास दोन दिवसही लागणार नाहीत. संशोधक सचोटीचे होते. त्यांनी कंपनीला कळविले, माहिती पुसून टाकली, आणि कंपनीने विचारण्यावर मर्यादा घातली. तथापि असाच धोका जर्मनीतील संशोधकांनी २०२० सालीच दाखवून दिला होता, हेही विसरता येत नाही.

काही कंपन्या म्हणतात की, क्रमांक जसाच्या तसा न ठेवता आम्ही त्याचे गणिती चूर्ण करून ठेवतो. या युक्तीचा उपयोग लांब व अनपेक्षित गुपितांना होतो. जेथे मूळ वस्तूच चारशे कोटी आहेत, तेथे साऱ्यांचे चूर्ण आधीच करून कोष्टक मांडता येते, आणि कोणते चूर्ण कोणाचे हे नुसते पाहून सांगता येते.

दुसरी बाजू

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ज्या साधनात नवे नाव फुकट मिळते तेथे लबाडांचा सुळसुळाट होतो. क्रमांकाला पैसे पडतात, ओळखपत्र दाखवावे लागते, म्हणून तो एक प्रकारचा जामीन आहे. भारतात दूरध्वनीवरून व निरोपांवरून होणाऱ्या फसवणुकीत कित्येक वृद्धांची आयुष्यभराची पुंजी गेली आहे. या फसवणुकीला आळा घालण्याच्या हेतूने भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी आदेश काढला की, ज्या सिमवर खाते उघडले ते सिम मोबाईलमध्ये असेल तरच निरोपांचे साधन चालावे. हेतू कोणी वाईट म्हणणार नाही. परंतु जामीन कोणापाशी ठेवावयाचा हा प्रश्न निराळा आहे. पोलिसांना न्याय्य मार्गाने माणूस सापडावा यासाठी त्याचा क्रमांक प्रत्येक अनोळखी गटसभासदाला दिसण्याचे कारण नाही. घराचा उतारा सरकारी दप्तरी असतो म्हणून आपण तो दारावर चिकटवीत नाही.

शिवाय हा जामीन वाटतो तितका भक्कमही नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सांगितले की, बंद पडलेला क्रमांक किमान नव्वद दिवस दुसऱ्याला दिला जात नाही. याचा अर्थ, त्यानंतर दिला जाऊ शकतो. ज्याला आपण आपले नाव समजतो ते भाड्याचे घर आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सिग्नल या साधनासाठी पडताळणीचे संदेश पाठविणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली, तेव्हा सुमारे एकोणीसशे ग्राहकांचे क्रमांक धोक्यात आले आणि त्यांतील एकाचे खाते परस्पर दुसऱ्याने उघडले. सिग्नलचे कूटलेखन शाबूत होते; दगा क्रमांकाने दिला.

याच सिग्नलचा दाखला उलट दिशेनेही बोधप्रद आहे. २०१६ साली अमेरिकेतील सरकारी वकिलांनी त्याच्याकडून ग्राहकांची माहिती मागविली. खाते केव्हा उघडले आणि शेवटचे केव्हा जोडले गेले, एवढ्या दोन वेळांवाचून देण्यासारखे त्यांच्यापाशी काही निघाले नाही. मागणाऱ्यापासून लपविण्याचा खटाटोप त्यांना करावा लागला नाही, कारण त्यांनी साठाच केला नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी टोपणनावाची सोय आणली आणि क्रमांक अनोळखी माणसांना न दिसेल अशी व्यवस्था केली. नोंदणीसाठी क्रमांक लागण्याची अट मात्र तेव्हा कायम ठेवली. स्वित्झर्लंडमधील थ्रीमा हे साधन तर २०१२ सालापासून क्रमांकाची सक्ती न करता, आठ अक्षरांची खूण देऊन चालत आले आहे. तेव्हा क्रमांकावाचून निरोप चालणारच नाहीत, हे म्हणणे अनुभवाला धरून नाही.

समारोप

या साऱ्या इतिहासावरून आम्हांस दिसते ते असे. दूरध्वनीच्या क्रमांकावर आज तीन कामे लादली गेली आहेत. घंटी वाजविणे हे त्याचे मूळचे काम. माणसाची ओळख पटविणे हे दुसरे, आणि माणूस शोधून देणे हे तिसरे. पहिल्या कामासाठी क्रमांक चार लोकांना ठाऊक असावाच लागतो. आणि जी गोष्ट चार लोकांना ठाऊक असावी लागते तीवर ओळखीचे वा पैशाचे कुलूप बसविणे हे किल्ली दारात टांगून ठेवण्यासारखे आहे. ही तीन कामे निरनिराळी करावी, ही मागणी करण्याचा आपल्याला अधिकार आहे. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचा उपयोग नागरिक किती जागरूकपणे करतात यावर त्याचे मोल ठरेल.

तोवर करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. आपले छायाचित्र अनोळखी माणसांना दिसणार नाही अशी तजवीज आपल्या मोबाईलमध्येच करता येते, ती करावी. दुकानदाराने क्रमांक मागितला तर कशासाठी, हे विचारावे. कोणाला त्याच्या संमतीवाचून गटात ओढू नये, कारण त्या क्षणी त्याचा पत्ता आपण शंभर अनोळखी लोकांच्या हाती देतो. दुसऱ्याचे पत्र फोडू नये हे आपल्या वाडवडिलांनी मुलांना शिकविले. दुसऱ्याचा पत्ता त्याला विचारल्याशिवाय कोणाला सांगू नये, हे शिकविण्याची पाळी आपली आहे.